त्रिंबकमामांचे शंभर किलोमीटर

अंगावर पोलिसाचा गणवेश नसताना भर रस्त्यात हात आडवा करून ट्रक थांबवणारा मी एकच माणूस पाहिला आहे. ते म्हणजे त्रिंबकमामा. कधी पैठण रोडला, कधी जालना रोडला, कधी वाळूजच्या वळणावर ते उभे असतात. डोक्यावर टोपी आणि खांद्यावर हातभर लांबीचा पाना. पाना असा धरलेला, की लांबून बघणाऱ्याला बंदूक वाटावी. ट्रक थांबतो. ड्रायव्हर घाबरून खिडकीतून डोकावतो आणि काय झालं म्हणून विचारतो. मामा त्याच्याकडे बघतही नाहीत. सरळ मागच्या चाकापाशी उकिडवे बसतात, एकेक नट आवळून बघतात, पलीकडच्या चाकाचेही बघतात आणि मग उठून म्हणतात, "शंभर किलोमीटर झाले की ये म्हनलं होतं ना? दीडशे झाले आसतील. दुकान काय चंद्रावर हाय व्हय माझं?"

ड्रायव्हर हात जोडतो. मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत असते. मामा त्या रांगेलाही दोन शब्द सुनावतात, पाना मोपेडला बांधतात आणि निघून जातात.

पहिल्यांदा हे दृश्य मी बसच्या खिडकीतून पाहिलं, तेव्हा मला तो माणूस वेडा वाटला होता. हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण खरं तेच आहे.

मी चितेगावची. शहरातल्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं येतं असं घरात सगळ्यांना वाटतं. वडिलांना मी दादा म्हणते. त्यांचा एक जुना छोटा ट्रक आहे, माझ्यापेक्षा वयाने मोठा. कॉलेज सुटलं की मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जाऊन थांबते, दादा भाडं उतरवून येतात आणि आम्ही घरी जातो. मोंढ्यात थांबायची जागा म्हणजे यूसुफभाईंच्या पंक्चरच्या दुकानासमोरचं बाकडं. आणि यूसुफभाईंच्या भिंतीला भिंत लागून मामांचं दुकान.

मामा स्पेसर विकतात. स्पेसर म्हणजे चाक आणि त्याच्या मागचा हब यांच्यामध्ये बसवायची लोखंडाची जाड चकती. ती बसवली की चाक बोटभर बाहेर येतं. मामांच्या दुकानात भिंतभर खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्याला चकत्यांची एक जोडी. विकतात असं मी म्हटलं खरं, पण मी बाकड्यावर बसून जेवढं पाहिलं, त्यात गिऱ्हाईक बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत जातं.

"उस्ताद माल बेचने कू नै, वापस भेजने कू बैठे," यूसुफभाई म्हणतात.

गिऱ्हाईक आलं की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कामून पायजे?" कशासाठी पाहिजे हे नीट सांगता आलं नाही, तर पुढचं बोलणंच होत नाही. एकदा एक तरणा मुलगा नवी गाडी घेऊन आला.

"कामून पायजे?"

"चाकं बाहेर निघाली की गाडी भारी दिसती, मामा."

"भारी दिसून काय करती? लगीन ठरवायचं हाय तिचं?"

"तसं नाही, जरा रुबाब—"

"रुबाब पायजे तर तू बाहेर लटक. लोक तुलाच बघतील. जा."

ज्याला खरंच गरज आहे त्याचं काम सोपं, असंही नाही. त्याला पुढचे प्रश्न. गाव कोणतं? माल काय भरता? रस्ता डांबरी का शिवारातला? गाडी कोण चालवतं, आणि तो रागीट आहे का? मुलीसाठी स्थळ बघायला आलेला माणूससुद्धा इतकं विचारत नसेल. आणि गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय चकती खिळ्यावरून खाली येत नाही.

हे सगळं आमच्यावरही आलं. दादांनी मागच्या चाकांच्या डिस्क बदलल्या होत्या. त्या दुसऱ्या कुठल्याशा गाडीच्या होत्या आणि जरा आत बसत होत्या. ट्रक भरला आणि वळण आलं की टायर आतून स्प्रिंगच्या पाट्यांना घासायचं. टायरवर जळल्यासारखी काळी रेघ उमटली होती. दादा म्हणाले, "तू कॉलेजात मोजायला शिकलीस ना? घे माप आन् दे मामाला."

मी अगदी मनापासून माप घेतलं. पट्टी लावली, तीनदा मोजलं, सरासरी काढली आणि स्वच्छ अक्षरात कागदावर लिहिलं: पाच नट, नटांच्या वर्तुळाचा व्यास एकशेचाळीस मिलिमीटर. तो कागद मामांच्या हातात दिला तेव्हा मला वाटलं, ते शाबास म्हणतील.

मामांनी कागद लांब धरून वाचला, नीट घडी घातली आणि मला परत दिला. "चाक कुनाला लावायचं? कागदाला?"

दुसऱ्या दिवशी ट्रक दुकानासमोर उभा केला. मामांनी चाक काढलं. हब तारेच्या ब्रशने घासला, तो चकाकायला लागल्यावर त्याला बोटाने काळं ग्रीस फासलं आणि जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर दाबलं. कागद काढला तेव्हा त्यावर एक मोठं काळं वर्तुळ आणि त्याभोवती पाच भोकं उमटली होती.

"तू आडवं कसं मोजलंस?" त्यांनी मला विचारलं.

"समोरासमोरच्या दोन नटांत."

"पाचात समोरासमोर कोन आसतं? बघ. ह्याच्या समोर कोनीच नाय. त्याच्या समोर बी मोकळीच जागा." त्यांनी एकेका भोकावर बोट ठेवून दाखवलं. "पाचजन गोल बसले, पन तोंडापुढं मानूस कुनाच्याच नाय."

मी कागदाकडे बघत राहिले. खरंच होतं. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

"आन् एकशेचाळीस नव्हं. जुनी गाडी हाय. ती इंचात जलमली. साडेपाच इंच, इंचाला आठ सूत, म्हंजी चव्वेचाळीस सूत. तुझ्या मिलिमीटरात एकशेएकोनचाळीस पॉइंट सात."

"तीन पॉइंटांनी काय होतं मामा?" मी भीत भीत विचारलं.

यूसुफभाईंनी हातातलं टायर खाली ठेवलं. "या अल्ला. बेटी, ये नक्को पूछना था."

पुढचा अर्धा तास मामा बोलत होते. थोडक्यात सांगायचं तर एकशेचाळीसच्या चकतीतही नट जातात. आवळलेही जातात. पण प्रत्येक बोल्ट जरासा ओढला जातो आणि रोज ओढला जातो. "नट बसनं येगळं आन् बसल्यासारखं करनं येगळं," मामा म्हणाले. "वरून बघनाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं." शिवाय चकतीचं मधलं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे, कारण गाडीचं वजन हबने उचलायचं, बोल्टांनी नाही. आणि चकती घातल्यावरही नटाला धरायला बोल्टाचे पुरेसे आटे उरले पाहिजेत. हे तिन्ही जमेल अशी जोडी शोधताना त्यांनी अकरा जोड्या खिळ्यांवरून काढल्या आणि परत टांगल्या. बारावी हबवर ठेवली तेव्हा ती न ठोकता, न ढकलता आत सरकली. मामांनी चकतीवर हाताचा तळवा ठेवला.

मग शंभर किलोमीटरचा नियम. नवी चकती पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये अंग टाकते, हबवर नीट बसते आणि त्यामुळे नट जरासे सैल होतात. "नवी सून आन् नवी चकती," मामा म्हणतात, "रुळायला येळ लागतो. मधी एकदा बघाय जावंच लागतं." दुकानाच्या पत्र्याच्या दारावर ते खडूने त्या गाडीच्या गावाचं नाव लिहितात. गाडी परत येऊन नट आवळून गेली की नाव पुसतात. जी येत नाही, तिला शोधायला ते पाना घेऊन रस्त्यावर उभे राहतात. मामी गेल्यापासून मामा घरी एकटेच असतात. शहरातले सगळे रस्ते त्यांना ड्रायव्हरांच्या नावांनिशी पाठ आहेत.

फक्त एक रस्ता सोडून. अजिंठा रोडवर मामा कधी उभे राहत नाहीत. एवढंच नाही, तर कुणाला त्या रस्त्याने शंभर किलोमीटर करायलाही सांगत नाहीत. अजिंठा रोडवरच्याच सिल्लोडच्या एका माणसाला त्यांनी घरी जायला भोकरदनवरून वळसा घालायला लावला होता. तो बिचारा गेलाही.

आमच्या ट्रकला चकत्या बसल्या त्या शुक्रवारी. दादा म्हणाले, "मामा, उद्या फर्दापूरचं भाडं हाय. एका हॉटेलाच्या खुर्च्या. बरोबर शंभर होत्यात."

मामांचा हात पान्यावरच थांबला. "जालन्याला जा की."

"हॉटेल फर्दापूरला हाय मामा. खुर्च्या जालन्याला नेऊन काय करू?"

"मग परवा जा."

"त्यांचं उद्घाटन उद्या हाय."

"मग शंभराला नट कोन आवळनार? तिथं तर मी नाय."

"मीच आवळतो की. त्याला काय हुतंय?"

"तू?" मामा म्हणाले. "तू धोतराची गाठ नीट मार आधी." दादा पँट घालतात. मामा आत गेले आणि खिळ्यांकडे तोंड करून बसले.

यूसुफभाईंनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. मामांची एकुलती एक मुलगी मंगल फर्दापूरला दिली आहे. जावई संतोष. त्याचाही असाच जुना, पाच नटांचा छोटा ट्रक. सहा वर्षांपूर्वी नातीच्या जावळाला मामा तिकडे गेले. दारात मानाचं टॉवेल-टोपी झालं. मांडवात पाहुणे बसलेले, त्याच ट्रकमधून सगळ्यांनी देवीला जायचं ठरलेलं. मंगल पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मामांची नजर चाकाकडे गेली. बाजारातून कुठून तरी आणलेली एकशेचाळीसची चकती. मामांनी पाणी घेतलं नाही. "आधी चाक काढ," म्हणाले. कुणी काढेना, तेव्हा स्वतःच बसले. दोन्ही चाकं काढली, चकत्या नाल्यात फेकल्या. आणि हबची छाप घ्यायला कागद सापडेना म्हणून खांद्यावरचा मानाचा टॉवेल काढला, आणि तो ग्रीसवर दाबला.

"सबके सामने, बेटी. इज्जत का टॉवेल," यूसुफभाई म्हणाले.

पाहुणे ताटकळले. संतोषने विचारलं, "मामा, तुम्ही सासरे म्हणून आलात का मिस्त्री म्हणून?"

आणि त्रिंबकमामा म्हणाले, "मिस्त्री म्हनून."

त्या दिवसापासून जाणं-येणं बंद. फोनही नाही.

शनिवारी सकाळी आम्ही मोंढ्यातून निघालो. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी सोबत होते. हर्सूलला जायच्या आधीच दादांनी ब्रेक मारला. रस्त्याच्या कडेला मामा उभे होते. खांद्यावर पाना, काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी जड. "नट तुझ्या हातात कसे देऊ?" एवढंच बोलून ते वर चढले.

वाटेत ते मैलाचे दगड मोजत होते. आमच्या ट्रकचा किलोमीटर दाखवणारा काटा कधीच बंद पडलेला आहे, पण त्यांना आकडे तोंडपाठ असावेत. सिल्लोड गेलं तेव्हा म्हणाले, "बासट." आणि मग, कुणीही विचारलेलं नसताना, "तिला लहानपनी गाडी लागायची."

घाट उतरून फर्दापूरला पोचलो. हॉटेल शाळेजवळच होतं, तिथे खुर्च्या उतरवल्या. मामांनी नट बघितले. एकच नट पाव फेरा फिरला, बाकी जागच्या जागी होते. काम झालं होतं. दादांनी परत निघू म्हटलं, तर मामा उठेनात. मागच्या चाकाला पाठ लावून खालीच बसून राहिले.

"पोरी," शेवटी त्यांनी मला हाक मारली, "एवढं नेऊन देती का? शाळंच्या मागचं घर. निळं दार."

"काय सांगू?"

त्यांनी बराच विचार केला. "काय सांगू नको."

मंगलताईंनी दार उघडलं. मी गोंधळून नुसतं बोचकं पुढे केलं. ते उंबऱ्यावर ठेवून त्यांनी गाठ सोडली. आत तेल लावून ठेवलेल्या दोन चकत्या होत्या, कुठे गंजाचा ठिपका नाही. आणि त्यांच्याभोवतीचं फडकं म्हणजे एक पांढरा टॉवेल. त्यावर मधोमध मोठं काळं वर्तुळ, भोवती पाच भोकं. मंगलताई त्या डागावरून हात फिरवत राहिल्या. मग टॉवेल खांद्यावर टाकून तशाच बाहेर पडल्या, चप्पलही न घालता. त्यांच्या मागे संतोषभाऊ, आणि त्यांच्या मागे नात.

ट्रकपाशी येऊन सगळे थांबले. मामा धडपडत उठले. नातच पुढे झाली. "तुम्हीच का ते चाकं काढणारे आजोबा?"

"व्हय," मामा म्हणाले.

संतोषभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "मामा, त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी बघितलं. दोन बोल्ट वाकलेले निघाले. मग दुसऱ्या चकत्या लावल्याच नाहीत. टायर घासतं, म्हणून वळणावर गाडी हळू घेतो. सांगायला यायचं होतं तुम्हाला. पण कोण म्हणून यावं ते कळंना."

मामा संतोषभाऊंच्या ट्रककडे बघत नव्हते. तो समोरच, शाळेच्या भिंतीला लावलेला होता आणि मागच्या टायरवरची काळी रेघ मलासुद्धा दिसत होती. मामांनी तिकडे एकदाही मान वळवली नाही. त्यांना ते किती जड जात होतं, हे मोंढ्यातल्या कुणालाही कळलं असतं.

मंगलताईंनी विचारलं, "मग आबा, आज कोण म्हणून आलात?"

मामांनी पाना दादांच्या हातात दिला. "तहान लागली," ते म्हणाले. "आधी पानी दे."

पाणी झालं, चहा झाला, मंगलताईंनी भाकरी थापल्या. मामा दोन तास ओसरीवर बसून नातीशी बोलत होते. शेवटी संतोषभाऊंनीच जॅक काढला आणि चाकं स्वतःच्या हाताने उतरवली. सहा वर्षांपूर्वीच्या छापेवरून केलेली चकती हबवर न ठोकता सरकली. मामांनी फक्त तळवा ठेवला.

"आता शंभर किलोमीटर झाले की नट आवळाय लागत्यात," ते म्हणाले. आणि मग, सवयीने विचारलं, "हिथून शंभर कुठं होत्यात?"

संतोषभाऊ हसले. "तुमच्या दारात मामा."

मामांनी टोपी काढली आणि पुन्हा नीट घातली. "मग यावं लागंल," म्हणाले. "नियम हाय."

निघताना पुन्हा टॉवेल-टोपी झालं. नवा टॉवेल मामांनी मांडीवर घेतला. त्यांचे हात चाकामुळे काळे झाले होते. दादांनी पुसायला फडकं दिलं, पण तेवढ्याने ग्रीस जात नाही. घाट चढून, सिल्लोड ओलांडून शहर येईपर्यंत मामांनी दोन्ही हात टॉवेलपासून लांब, हवेत धरले होते. दर खड्ड्याला ते जास्तच वर उचलायचे.

सोमवारी मी बाकड्यावर बसले तेव्हा पत्र्याच्या दारावर खडूने नवं नाव होतं. मामा तिथे नेहमी गाव लिहितात. या वेळी 'मंगल' लिहिलं होतं.

पुढच्या रविवारी दादांचं हर्सूलला काम होतं, मी सोबत गेले. नाक्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला मला ओळखीची टोपी दिसली. अजिंठ्याकडून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला मामा हात आडवा करत होते आणि तो संतोषभाऊंचा नव्हे हे दिसलं की घाईघाईने पुढे जाऊ देत होते. खांद्यावर पाना नव्हता. तिथे नवा पांढरा टॉवेल होता, घडी न मोडलेला.

फर्दापूरपासून शंभर भरायला अजून चार किलोमीटर बाकी होते. तीन पॉइंटांसाठी सगळ्या मोंढ्याशी भांडणारा माणूस चार किलोमीटर आधीच येऊन उभा होता.